बाँडने दुकान बंद होत नाही, पण ती डिझाइन्स कोणाची?

प्रश्न : पुण्यातल्या एका टॅटू स्टुडिओत चार वर्षं काम केलं. लागताना बाँडवर सही घेतली होती : काम सोडल्यावर तीन वर्षं महाराष्ट्रात कुठेही टॅटूचं दुकान टाकायचं नाही, टाकलं तर पाच लाख भरायचे. दिवाळीनंतर जुळे सोलापुरात दुकान थाटलं. आता वकिलाची नोटीस आली आहे : दुकान बंद करा, पाच लाख द्या, इन्स्टाग्रामवरची डिझाइन्स काढा. घरचे म्हणतात, आवरून टाक. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुकान उघडं ठेवा. कोणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो, असं भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ सांगतं. गुडविल, म्हणजे धंद्याचं कमावलेलं नाव, विकणाऱ्यावर मात्र बंधन घालता येतं. तुम्ही तर काहीच विकलेलं नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानलाही त्याच्या जुन्या एजंट कंपनीने करार संपल्यावर असंच बांधून ठेवायचं म्हटलं होतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. बंदीच टिकत नसेल, तर बंदी मोडल्याचे पाच लाख कुठून येणार?

तरी बाँड पुन्हा नीट वाचा. ‘अमुक वर्षं इथेच काम करीन’ असं कलम असेल तर गोष्ट वेगळी. तसा बाँड सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात वैध धरला आहे. तुमची चार वर्षं त्या मुदतीपेक्षा जास्त भरत असतील तर तो प्रश्नही मिटला.

इन्स्टाग्रामचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलात. मला काळजी त्याचीच वाटते.

नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७. म्हणून सांगा, तुम्हाला महिन्याचा पगार होता की प्रत्येक कामामागे टक्केवारी? टॅटूच्या धंद्यात टक्केवारीवर बसणारे पुष्कळ. मशीन तुमचं, शाई तुमची, वेळ तुम्ही ठरवायचा, गिऱ्हाइकाच्या पैशातला हिस्सा घ्यायचा, असं असेल तर तुम्ही नोकर नव्हता आणि डिझाइन्स तुमची, असं ठामपणे मांडता येईल. पगार, पीएफ, हजेरी असेल तर बाजू लंगडी पडते. बँकेचं चार वर्षांचं स्टेटमेंट काढून घ्या, त्यात सगळं दिसेल.

पगारी असलात तरी ‘हे मी काढलं’ म्हणण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो. पण तेच डिझाइन नव्या गिऱ्हाइकाच्या दंडावर उतरवू नका. फोटो कोणी काढला, त्या गिऱ्हाइकाची परवानगी आहे का, तेही पाहा. निकाल लागेपर्यंत शंका असलेल्या पोस्ट आर्काइव्ह करा, डिलीट नको. पुरावा राहिला पाहिजे.

टीव्हीवरच्या टॅटू शोमध्ये कारागिरांची भांडणं तासाभरात मिटतात. ‘एलए इंक’वाल्या कॅट व्हॉन डी यांना विचारा! जॅझ वादक माइल्स डेव्हिसच्या फोटोवरून टॅटू काढला म्हणून छायाचित्रकाराने २०२१ मध्ये त्यांच्यावर दावा लावला आणि ज्युरीने कॅट यांच्या बाजूने कौल द्यायला जानेवारी २०२४ उजाडलं. कायदा अमेरिकेचा, आपल्याकडे तो कौल चालणार नाही. पण हेलपाटे इथेही चुकत नाहीत. कॉपीराइटचा दावा समोरचा त्याच्या धंद्याच्या गावी लावू शकतो, म्हणजे तुम्हाला तारखेला हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुणं गाठावं लागेल.

म्हणून याच आठवड्यात पुण्याच्या जिल्हा न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाई हुकूम सहजासहजी निघणार नाही. ते नव्वद दिवसच चालतं, नंतर पुन्हा द्यावं लागतं. नोटिशीला वकिलामार्फत लेखी उत्तर द्या. जुन्या मालकाला रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर काही लिहू नका. आणि नोटीस ज्या पाकिटातून आली ते फेकलं नसेल तर जपून ठेवा, पोस्टाचा शिक्का त्याच्यावरच असतो.