अँबियंट म्युझिक ऐकायला कुठून सुरुवात करू? यूट्यूबवर सगळं झोपेचंच म्युझिक येतं

अँबियंट म्हणजे वातावरणासारखं आजूबाजूला चालत राहणारं म्युझिक; त्यासाठी ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'पासून (1978) सुरू करा आणि ऑटोप्लेच्या नादी न लागता पूर्ण अल्बम ऐका. कारण हे म्युझिक बनतं कसं ते त्यात सरळ कानाला कळतं, म्हणजे दुसऱ्या ट्रॅकमध्ये एकेक सूर गायलेल्या टेपच्या लूप (टोकं जोडून पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या टेप) आहेत, एक साडेतेवीस सेकंदांनी फिरून येते, दुसरी जवळपास सव्वीसने, आणि लांबी जुळत नसल्यामुळे सूर दरवेळी वेगळे एकमेकांवर पडतात, कोणी काही वाजवत नसूनही चाल तयार होत राहते. झोपेच्या त्या आठ तासांच्या व्हिडिओत हेच नसतं, नुसता पॅड (सिंथचा लांबलेला मऊ आवाज) धरून ठेवलेला असतो.

पुढे साधारण असं जा:
- हिरोशी योशिमुरा, 'ग्रीन' (1986), जपानी, अगदी हलकं
- एफेक्स ट्विन, 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स 85–92', यात बीट आहे त्यामुळे कंटाळा येत नाही
- 'द एनआयडी टेप्स', अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) 1969 ते 72 दरम्यान मूग सिंथवर (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या वाद्यावर) केलेली रेकॉर्डिंग्ज, 2023 मध्ये बाहेर आली (थोडी खडबडीत आहेत पण ऐकाच)

मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांचा 1982 चा रागांचा अल्बमही कोणीतरी सुचवेलच, भारी आहे, पण तो अँबियंट नाही, डिस्को बीटवर धावतो. नवीन शोधायचं तर बँडकॅम्प या म्युझिक साइटवर अँबियंट टॅग उघडा आणि एखादा अल्बम आवडला की त्याच लेबलचे (रेकॉर्ड कंपनीचे) बाकीचे ऐका. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर गायबच होतात.