जळालेल्या ग्रंथालयाची भरपाई

प्रश्न : अलेक्झांड्रिया, नालंदा इथली ग्रंथालयं नष्ट झाली हे आपण नेहमी वाचतो. पण जळालेलं ग्रंथालय पुन्हा भरायचा कुणी प्रयत्न केला का? गेलेल्या पुस्तकांची भरपाई ठरवतात तरी कशी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग मला विशेष आवडला, कारण माझी सगळी नोकरी ग्रंथालयात, दाखल नोंदवहीच्या (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणाऱ्या वहीच्या) संगतीत गेली. अलेक्झांड्रियात नि नालंद्यात नेमकं काय काय होतं याची यादीच उरलेली नाही, त्यामुळे तिथे हिशोबाला वाव नाही. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाचं मात्र तसं नाही. तिथली भरपाई चक्क एका आंतरराष्ट्रीय तहात लिहिली गेली.

जर्मन सैन्य ४ ऑगस्ट १९१४ ला बेल्जियममध्ये घुसलं. २५ तारखेच्या रात्री सैनिकांनी लूव्हेन पेटवलं. गावकऱ्यांनी आमच्यावर गोळ्या झाडल्या, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठाचं ग्रंथालय जुन्या कापड-बाजाराच्या इमारतीत होतं. अडीच-तीन लाख ग्रंथ, शेकडो हस्तलिखितं आणि छपाईच्या पहिल्या पन्नासेक वर्षांतली, म्हणजे १५०१ च्या आधीची, दुर्मीळ पुस्तकं त्या आगीत गेली.

पहिलं महायुद्ध संपल्यावर झालेल्या, १९१९ च्या व्हर्सायच्या तहात यासाठी एक स्वतंत्र कलम आहे, २४७ वं. जेवढं जळालं तेवढ्याच संख्येची आणि किमतीची हस्तलिखितं, पुस्तकं, नकाशे जर्मनीने लूव्हेनला द्यावेत, असं त्यात म्हटलंय. संख्या जुळवणं सोपं. पण ज्या हस्तलिखिताची जगात एकच प्रत होती, त्याच्या किमतीचं दुसरं आणायचं कुठून? तहावर सह्या करणाऱ्यांत कुणी ग्रंथपाल नसावा.

किमतीचा हा घोळ साध्या वाचनालयातही होतो. आमच्याकडे एका पावसाळ्यात छत गळून जुनी पुस्तकं भिजली. ती निर्लेखित करताना, म्हणजे नोंदीतून कायमची काढून टाकताना, नोंदवहीत खरेदीच्या वेळची किंमत पाहायची असा नियम होता. बाजारात शोधूनही न मिळणाऱ्या एका चरित्रापुढे ‘बारा आणे’ लिहिलेलं होतं. कागदोपत्री आमचं नुकसान अगदीच किरकोळ ठरलं! म्हणून एक सांगते : तुमचा वाचनालयाशी संबंध असेल तर दुर्मीळ पुस्तकांची वेगळी यादी करा, तीत आजचं मोल लिहा, आणि तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

पुन्हा लूव्हेनकडे वळू. जर्मनीकडून पुस्तकं आली, इतर देशांनीही पाठवली. नवी इमारत अमेरिकन देणग्यांतून उभी राहिली, १९२८ मध्ये तिचं उद्घाटन झालं. मनोऱ्यात ४८ घंटा बसवल्या, तेव्हाच्या अमेरिकेच्या ४८ राज्यांसाठी. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य दुसऱ्यांदा आलं आणि लढाईत ही इमारतही पेटली. या वेळी गेली सुमारे नऊ लाख पुस्तकं, आणि त्यांत भरपाई म्हणून आलेली पुस्तकंही होती. ग्रंथालय तिसऱ्यांदा भरायला घेतलं गेलं.

त्यानंतरची फाटाफूट आगीची नव्हती. विद्यापीठावरून फ्लेमिश (म्हणजे बेल्जियममधले डच बोलणारे) आणि फ्रेंच भाषिकांचा वाद इतका पेटला की १९६८ मध्ये त्यावरून बेल्जियमचं सरकार पडलं. विद्यापीठाचे दोन भाग झाले आणि फ्रेंच विभागासाठी लूव्हेन-ला-नव्ह हे नवं गावच वसवलं गेलं. पुस्तकांच्या वाटणीत सम-विषम क्रमांकांचा आधार घेतला गेला : सम क्रमांक एकीकडे, विषम दुसरीकडे. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण कुठलं पुस्तक कुणाच्या उपयोगाचं, यावर दोन्ही बाजू वर्षानुवर्षं भांडत बसल्या असत्या. क्रमांकाशी भांडता येत नाही. मी त्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं. फक्त वाटणीआधी संपूर्ण यादी छापून दोन्हीकडे ठेवायचा हट्ट धरला असता.