नाव वेगळं, माप वेगळं

वर्कशॉपमध्ये पोरांना व्हर्नियर कॅलिपर धरायला शिकवण्यात नोकरी गेली. आता वाचकांची पत्रं येतात, आणि दर खेपेला गोंधळ तोच: आकडा दिसला की लोक गुणाकार करायला बसतात. तो आकडा माप आहे की नुसतं नाव, हे आधी कोणी बघत नाही.

एका इंचात २.५ सेंटिमीटर धरले तर चालतं ना? (सांगली)

नाही. २५.४ मिलिमीटर. ४८ इंचांवर तुमचा हिशेब जवळजवळ दोन सेंटिमीटर कमी भरतो.

अमेरिकन रेसिपीत केक ३५० अंशांवर भाजायला सांगितलाय. माझा ओटीजी २५० च्या पुढे जात नाही. नवा घ्यावा का? (ठाणे)

घेऊ नका. ते फॅरनहाइट आहे. सेल्सियसमध्ये १७७ होतात, तुम्ही १७५ ला ठेवा. कपाचं मात्र बघा: अमेरिकन कप २३७ मिलिलिटरच्या आसपास, बाजारात मिळणारे बरेच संच २५० चे, आणि काहींवर तर आकडाच नसतो. बिनआकड्याचा संच कितीही देखणा असला तरी घेऊ नका. मैदा कपाने मोजूच नका. हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५०. छोटा वजनकाटा घ्या.

मुलाच्या सायकलचा २६×१.७५ टायर झिजलाय. घरात मामांच्या जुन्या लेडीज सायकलचा २६×१-३/८ हा कोरा टायर पडून आहे. दुकानदार म्हणतो, दोन्ही सव्वीसच, बसवून देतो. बसवू का? (नाशिक)

बसवू नका. आणि दुकानदार ‘बसवून देतो’ म्हणाला की सायकल घेऊन घरी या.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. २६ इंच म्हणजे ६६० मिलिमीटर, हा गुणाकार बरोबर आहे, पण इथे त्याचा उपयोग शून्य. तो सव्वीस रिमचा नाही. फार पूर्वी, हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाला हे नाव पडलं आणि ते तसंच चिकटून राहिलं. टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास तुमच्या मुलाच्या चाकाला ५५९ मिलिमीटर आहे, मामांच्या चाकाला ५९०. एकतीस मिलिमीटरचा फरक! तो टायर रिमवर सैल बसेल, हवा भरताना उडेल, आणि तेव्हा नाही उडाला तर उतारावर उडेल.

आणखी एक गंमत ऐका. शाळेत दीड म्हणजे १.५, पूर्णांक-अपूर्णांकात लिहा की दशांशात. सायकलीत तसं नाही. २६×१-१/२ चा टायर ५८४ च्या रिमवर बसतो, २६×१.५० चा ५५९ च्या. म्हणजे अपूर्णांक आणि दशांश इथे दोन वेगळी घराणी आहेत, आणि त्यांच्यात रोटीबेटी होत नाही. ‘तेच ते, फक्त लिहायची पद्धत वेगळी’ असं कोणी सांगितलं तर त्याला हा परिच्छेद दाखवा. उलट, डोंगरी सायकलचं २९ आणि रेसिंगचं ७००सी ही नावं ऐकायला किती लांबची, पण दोघांचा रिम एकच, ६२२.

मग करायचं काय? टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ४७-५५९ अशी जोडी छापलेली असते. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला तरच टायर घ्या. छाप पुसला असेल तर चाक काढून जाणत्या मेकॅनिककडे न्या. फोनवर विचारू नका.

कोनाड्याची रुंदी १२०५ मिमी. मिस्त्रीला ‘साधारण चार फूट’ म्हणालो, त्याने फळी चार फुटांची कापली. आता बसत नाही. (कोल्हापूर)

मिस्त्रीचं काय चुकलं? चार फूट म्हणजे १२१९. त्याच्या भाषेत सांगायचं होतं: ४७ इंच साडेतीन सूत. आठ सुतांचा इंच. त्यातही फळी दोन-तीन मिलिमीटर कमीच ठेवायची, भिंती कधी काटकोनात नसतात. एक जाताजाता: ‘पाऊण इंची’ म्हणून विकतात तो प्लाय बहुतेक वेळा १८ मिमीचा असतो. खरे सहा सूत म्हणजे १९.०५. खाच पाडण्याआधी प्लायला व्हर्नियर लावा, आणि पुढच्या वेळी मिस्त्रीला जागेवर बोलावून त्याच्याच टेपने मोजून घ्या.

क्रोशाच्या पॅटर्नमध्ये ‘डबल क्रोशे’ लिहिलंय. विणलं तर शाल भलतीच मोठी होतेय. (पुणे)

ब्रिटिश डबल म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकन डबल म्हणजे आपला त्याहून उंच खांब. पॅटर्न ब्रिटिश असेल आणि तुम्ही खांब घातले असतील, म्हणून शाल वाढतेय. पॅटर्नमध्ये कुठेही ‘सिंगल क्रोशे’ आलं असेल तर तो अमेरिकन. ब्रिटिशांत आता तो शब्द वापरत नाहीत. विणकामाच्या सुयांचंही तेच: दहा नंबर ब्रिटिश असेल तर ३.२५ मिमी, अमेरिकन असेल तर ६. मिलिमीटर विचारून घ्या आणि आधी चार बोटांचा नमुना विणा.

माशांच्या औषधावर ‘१० गॅलनला एक चमचा’ आहे. टाकी २४×१२×१२ इंच. किती घालू? (डोंबिवली)

आज काहीच घालू नका. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, ब्रिटिश ४.५४६. बाटली कुठली आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. टाकीचं बाहेरचं माप ५६ लिटर सांगतं, पण वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून पाणी नऊ इंच असेल तर ते जेमतेम ४२ लिटर. पुढच्या वेळी पाणी बदलताना बादल्या मोजा. तांब्याचं औषध असेल तर गोगलगायी आणि कोळंबी आधी मरतील. माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारा. दुकानातल्या मुलाला नको.

शिवणाच्या टेपवर ६० इंच आणि १५० सेंटिमीटर एकाच रेषेवर आहेत. चालेल? (रत्नागिरी)

फेका. ६० इंचांसमोर १५२.४ यायला हवं. आणि त्या टेपने बेतलेला ब्लाऊज अजून कापला नसेल तर थांबा.