शाखेला स्विफ्ट कोड नसेल तर दुबईहून पैसे कसे मागवायचे?

तुमचा भाऊ दुबईत, खातं गुहागरजवळच्या शाखेत. तिकडची बँक स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे पाठवताना बँक ओळखायचा कोड) मागतेय आणि शाखेत सांगतात, 'आमच्याकडे फक्त आयएफएससी.' शाखेने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच.

मी रत्नागिरीत बँकेत आहे. आखातातून, जहाजांवरून येणारे पैसे हे माझं रोजचं काम. लहान शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड बहुधा नसतो आणि त्यावाचून अडतही नाही. पैसे बँकेच्या परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेत येतात, तिथून तुमच्या खात्यात जमा होतात. त्यामुळे शाखेत असं विचारा: 'बाहेरून पैसे यायला कोणता स्विफ्ट कोड द्यायचा?' उत्तर लिहून घ्या. नेटवरच्या याद्यांमधून कोड उचलू नका.

समजा खातं बँक ऑफ इंडियात आहे. कोड 'बीकेआयडीआयएनबीबी' (BKIDINBB) असा सुरू होतो. पहिली चार अक्षरं बँकेची, मग देशाची दोन, शेवटची दोन ठिकाणाची. इथे बीबी म्हणजे मुंबई. पुढे आणखी तीन असतील तर ती शाखेची. बरेच जण तिथे आयएफएससीचे शेवटचे आकडे जोडून टाकतात. कृपा करून तसं करू नका. आयएफएससीही 11 अक्षरीच, पण त्यात पाचव्या जागी कायम शून्य असतं.

भावाला स्विफ्ट कोडसोबत खाते क्रमांक, पासबुकावर आहे तसंच नाव आणि आयएफएससी पाठवा. आयबान (बऱ्याच देशांत चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागितला तर भारतात तो नसतो, खाते क्रमांकच द्यायचा. देना, सिंडिकेट अशा विलीन झालेल्या बँकेचं जुनं पासबुक असेल तर त्यावरचा आयएफएससी आता चालत नाही. नवीन विचारून घ्या.

भाऊ बँकेऐवजी एक्स्चेंजमधून (पैसे पाठवणाऱ्या तिथल्या कंपनीतून) पाठवणार असेल तर बहुतेक वेळा स्विफ्ट लागतच नाही, आयएफएससीवर काम होतं. घरखर्चाच्या रकमेला मला तोच मार्ग बरा वाटतो, कारण स्विफ्टने येताना मधली बँक आपला आकार कापून घेऊ शकते.

स्विफ्टने पाठवलेले पैसे अडकले तर भावाला त्याच्या बँकेकडून यूईटीआर हा त्या व्यवहाराचा 36 अक्षरी क्रमांक घ्यायला सांगा आणि तो शाखेत द्या. त्यावरून पैसे कुठल्या बँकेत थांबलेत ते शोधता येतं.