शेजारच्या टोमॅटोत व्हायरस आलाय, माझ्या १५ दिवसांच्या लागवडीला किती धोका? कोणतं औषध मारू?

व्हायरसवर औषध नसतं. दुकानदार देतो ते पांढऱ्या माशीचं, हा व्हायरस पसरवते तिचं.

शेजाऱ्याच्या प्लॉटमधला व्हायरस बोकड्या (पानं आकसून वळतात, झाड खुंटतं) धरला, तर आधी तुमच्या रोपांचं वय बघा. ३०-३५ दिवसांच्या आत बोकड्या आला तर झाड खुजं राहतं आणि फळच धरत नाही. फळं लागल्यावर आला तर नुकसान बरंच कमी. म्हणजे पुढचे वीस दिवस जपायचे. सकाळी ऊन चढायच्या आत माशी सुस्त असते, तेव्हा शेंड्याची पानं हळूच उलटा. पाच ठिकाणी वीस-वीस झाडं, वाऱ्याच्या बाजूचा बांध आधी. रोगट झाडं त्याच कडेला असतील तर शेजारून आलाय. रानभर विखुरलेली असतील तर रोपांबरोबर आला असण्याचा संशय धरा आणि रोपवाटिकेची जाळी किती मेशची (इंचाला किती भोकं) होती ते विचारा. चाळीसच्या खाली असेल तर माशी आरपार जाते.

मोहोळकडच्या एका पाहुण्याशी माझा यावरूनच वाद आहे. एकरात नऊ झाडं बोकडलेली. म्हणे, "नऊच तर आहेत, कशाला उपटायची?" अहो, लागण झाल्यावर लक्षण दिसायला दोन-तीन आठवडे जातात. आज दिसणारी नऊ म्हणजे पंधरवड्यापूर्वीचा हिशेब! त्यात गड्याने सायपरमेथ्रीन हे कीटकनाशक मारलं. मित्रकीटक मेले आणि माशी वाढली. शेवटी उपटली तीही भर दुपारी, आणि टाकली बांधावर. सगळी माशी शेजारच्या सरीत. आधी माशीची फवारणी, मग पहाटे झाड उपटून तिथंच पिशवीत, हा क्रम. बांधावरचं गाजरगवत, धोतराही काढा. मक्याच्या दोन-तीन ओळी लागवडीआधी दोन-तीन आठवडे लावायच्या असतात, तुम्हाला आता उशीर झाला. पिवळे चिकट सापळे मात्र आजच लावा, एकरी १०-१२.

हे सगळं बोकड्याचं. दुसरे व्हायरस वेगळे पसरतात. पानं आकसून दोरीसारखी होत असतील तर मावा बघा. तो काही सेकंदांत रोग टोचतो, तिथं फवारणी फारशी कामाची नाही. शेंडा करपून पानांवर तांबूस ठिपके आले तर फुलकिडे. आणि नुसती हिरवी-पिवळी नक्षी असेल तर ती हातांनीही पसरते: बांधणीला येणाऱ्या बायामाणसांनी तंबाखू मळली असेल तर झाडाला हात लावण्याआधी साबणाने धुवायला लावा.