हँडब्रेक ओढला होता, तरी जीप जॅकवरून उतरली

प्रश्न : माझ्याकडे १९४४ सालची विलीज जीप आहे. मागचं चाक काढायचं म्हणून जॅक लावला. हँडब्रेक घट्ट ओढला होता, पहिला गिअरही टाकला होता. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, जीप सावकाश मागे सरकली आणि जॅकवरून खाली आली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. हँडब्रेकचे लायनर गेले असतील का?

उत्तर : लायनरचं, म्हणजे ड्रमला घासून धरणाऱ्या पट्ट्यांचं, नंतर बघू. तुमचा हँडब्रेक बहुतेक ठणठणीत असणार, आणि म्हणूनच हे पत्र मी सगळ्यात आधी घेतलं आहे. अशीच जुनी गाडी दारात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं.

आजच्या बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना धरतो. या जीपमध्ये तो चाकांपर्यंत जातच नाही. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी, तिच्या मागे, जिथून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट निघतो तिथे त्याचा ड्रम बसवलेला आहे. जुन्या सीरिज लँड रोव्हरमध्येही हीच रचना. हँडब्रेक ओढला की शाफ्ट जखडतो, चाकं नाही. शाफ्ट आणि चाकं यांच्या मध्ये असतो डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. शाफ्ट थांबलेला असताना एक चाक पुढे फिरवलं, तर दुसरं तेवढंच मागे फिरतं. दोन्ही चाकं जमिनीवर टेकलेली असतात तोवर त्यांना असं उलटसुलट फिरता येत नाही, म्हणून गाडी जागची हलत नाही. एक चाक हवेत गेलं की ते उलटं फिरायला मोकळं, आणि जमिनीवरचं घरंगळायला मोकळं. गिअर टाकूनही उपयोग नाही, कारण गिअरही त्याच शाफ्टला धरतो.

पटत नसेल तर करून बघा. सपाट, टणक जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागचा ॲक्सल दोन्हीकडून स्टँडवर घ्या, हँडब्रेक ओढा आणि एक चाक हाताने फिरवा. पलीकडचं चाक उलट्या दिशेने फिरताना दिसेल.

यापुढे मागचं चाक उचलायचं असेल, तर जॅकला हात लावण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे. वीट नको, ती फुटते. शिवाय फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा टाकून ठेवा. मग पुढचा शाफ्ट मागच्याशी जोडला जातो आणि जमिनीवरची पुढची दोन्ही चाकंही गाडी धरून ठेवतात. पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब (चाक ॲक्सलपासून सोडवता येणारे) बसवले असतील तर ते लॉक करायला विसरू नका, नाहीतर दांडा टाकला काय आणि न टाकला काय, सारखंच. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नये.

आता लायनर. ट्रान्सफर केसचं मागचं ऑइल सील गळायला लागलं की तेल थेट या ड्रममध्ये उतरतं. हँडब्रेक सैल वाटला तर आधी ड्रम उघडून आत तेल आहे का बघा. तेलकट लायनरवर केबल कितीही ताणली तरी फरक पडणार नाही. सील बदला, मग लायनर. चालत्या गाडीत हा हँडब्रेक ओढू नका. सगळा झटका शाफ्ट आणि ॲक्सलला बसतो.

प्रश्न : त्याच काळातली जीप. उजव्या बाजूचे चाकांचे नट सुटले. डावीकडचे मात्र लांब पाइप लावूनही हलेनात. एक स्टड तर तुटलाच.

उत्तर : पाइप आधी बाजूला ठेवा. या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडना मुळात उलटे आटे असतात. तिकडचे नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटतात. तुम्ही ताकद लावून ते आणखी आवळत होतात. स्टडचं टोक वायर ब्रशने साफ करा, त्यावर इंग्रजी ‘एल’ अक्षर दिसेल. मधल्या एखाद्या मालकाने हब बदलला असू शकतो, म्हणून प्रत्येक चाक तपासा.

तुमची रिम बोल्टने जोडलेल्या दोन भागांची असेल, तर चाक काढताना ते बोल्ट कुठले आणि हबचे नट कुठले हे नीट ओळखा. टायरमध्ये हवा असताना रिमचे बोल्ट सैल केले तर रिम फुटून अंगावर येते. टायर काढायचा असेल तेव्हा व्हॉल्व्हमधली पिन काढून सगळी हवा जाऊ द्या, मगच त्या बोल्टना पाना लावा.

प्रश्न : सीरिज टू लँड रोव्हर घेतोय. विकणारे म्हणतात, बॉडी ॲल्युमिनियमची आहे, गंजाची काळजी नको. फक्त रंग मारून घेतला तर चालेल ना?

उत्तर : विकणारे खरं बोलतायत, पण अर्धंच. १९४८ साली पहिली लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलाद मिळेना, म्हणून पत्रे बर्माब्राइट या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. पण चॅसी पोलादाची, आणि तुमच्या पायांपुढचा बल्कहेडही पोलादाचाच. चॅसी म्हणजे पट्ट्या वेल्ड करून केलेली पोकळ पेटी. चिखल-पाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंग चकचकीत असतो तेव्हा आत काय चाललंय ते दिसत नाही.

म्हणून सौदा ठरण्याआधी लहान हातोडी घेऊन गाडीखाली जा. चॅसीवर टकटक करत पुढून मागे या. चांगल्या पोलादावर हातोडी टणकन उडते. आवाज बसका आला, आतून पापुद्रे झडल्याची सळसळ ऐकू आली, तर तिथे खडूने फुली मारा. सगळ्यात मागचा आडवा बीम, पाटे जिथे टांगलेले असतात ते कान आणि बल्कहेडचे खालचे कोपरे, इथे जास्त वेळ द्या. जाड काळा थर नुकताच फासलेला दिसला तर स्क्रूड्रायव्हरने खरवडा. मालकाचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे. पोलादाला जिथे ॲल्युमिनियम टेकतं तिथे पाणी मुरलं की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. दरवाजांच्या खालच्या कडा चाचपून बघा.

फुल्या दोन-चारच असतील तर वेल्डिंग करता येईल. त्याआधी सीटखालची पेट्रोल टाकी काढा, बॅटरी सोडा, आणि चॅसीच्या पोकळीतून मागे जाणारी वायरिंग बाहेर ओढून घ्या. काम झाल्यावर आत मेणाचा फवारा मारा. पाणी निथळायची भोकं मात्र बुजवू नका. रंगाचं मग बघू.

प्रश्न : रंगकाम होईपर्यंत माझी सहा व्होल्टची जीप छान चालू व्हायची. आता स्टार्टर जेमतेम फिरतो. बॅटरी नवी आहे.

उत्तर : रंगामुळेच. अर्थिंगची केबल जिथे चॅसीला लागते, तिथेही रंग चढलाय. बारा व्होल्टच्या मानाने सहा व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, त्यामुळे जराशी अडचणही जाणवते. जागा पत्रा चमकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. इंजिनपासून चॅसीपर्यंतची पट्टीही तशीच साफ करा. कुणी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल टाकली असेल तर ती काढून जाड टाका.

प्रश्न : विलीजच्या गिअरबॉक्समध्ये महागातलं जीएल-५ दर्जाचं तेल भरलं, तरी चालत्या गाडीत पहिला गिअर कर्रकन ओरडतो.

उत्तर : विलीजच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात जुळण्याआधी वेग जुळवणारी यंत्रणाच नाही, तो ओरडणारच. गाडी उभी करून टाका, नाहीतर डबल क्लच, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबून गिअर टाकणं, शिका. पण ते तेल गिअरबॉक्समधून काढा. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं सिंक्रोच्या पितळी कड्यांना बाधू शकतात. तिथे जीएल-४ भरा. जीएल-५ डिफरन्शियलला चालेल. गिअरबॉक्सची पातळी खाली आणि ट्रान्सफर केसची वर गेलेली दिसली तर तेल मधल्या बेअरिंगमधून पलीकडे जातंय, ते गळतीत धरू नका. आणि खालचा प्लग सोडण्याआधी वरचा, तेल भरायचा प्लग सुटतो ना, ते बघून घ्या.