फाटकावरचा आकडा आणि तिकिटाचा पैसा

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पर्यटन आराखड्याचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा सलग आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, अकरा गावांची माहिती तू कष्टाने गोळा केली आहेस, नकाशे नेटके आहेत आणि शेजारच्या देशांवरचे प्रकरण मला विशेष आवडले. तरीही पेन्सिल पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी अडत राहिली. फाटकावर जमा होणारा रुपया शेवटी कोणाच्या हाती जाणार आणि ‘आज एवढे पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला असणार, या दोन प्रश्नांची उत्तरे सव्वाशे पानांत कुठेच नाहीत. ‘स्थानिकांचा सहभाग’ हा शब्दप्रयोग मात्र मी मोजला तेव्हा एकोणचाळीस वेळा आला होता. ज्या आराखड्यात हा शब्द इतक्यांदा येतो, त्यात सहभागाची व्यवस्था बहुधा ठरलेली नसते, असा माझा आजवरचा अनुभव आहे; रागावू नकोस.

तू नेपाळातल्या अन्नपूर्णेच्या डोंगराळ भागाचे उदाहरण घेतले आहेस, पण ते फक्त अर्ध्या पानात उरकले आहेस. तिथे थांबायला हवे होते. १९७६मध्ये नेपाळात काही राष्ट्रीय उद्याने झाली. त्यांपैकी राराच्या सरोवराकाठची गावे उठवली गेली, तर सगरमाथ्यात माणसे राहिली, पण जंगलावरचे निर्णय त्यांच्या हातून गेले. त्यामुळे अन्नपूर्णेच्या डोंगरात राष्ट्रीय उद्यानाची चर्चा सुरू झाली, तेव्हा तिथल्या लोकांच्या मनात धास्ती असणे स्वाभाविक होते. १९८६मध्ये राजा महेंद्र प्रकृति संरक्षण कोष या संस्थेने, जी आज राष्ट्रिय प्रकृति संरक्षण कोष म्हणून ओळखली जाते, घांद्रुक गावापासून वेगळ्याच पद्धतीने काम सुरू केले. माणसे जागेवर राहिली, त्यांची शेती आणि चराई चालू राहिली आणि संरक्षण झाले ते ‘संवर्धन क्षेत्र’ या नव्या नावाखाली. हे क्षेत्र पुढे ७,६२९ चौरस किलोमीटरपर्यंत वाढले आणि नेपाळातले सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र ठरले. मात्र तुझ्या कामाची गोष्ट क्षेत्रफळ नव्हे. ट्रेकिंगला येणाऱ्याकडून घेतलेले प्रवेशशुल्क सरकारी तिजोरीत न जाता त्याच संस्थेकडे राहील आणि त्याच डोंगरात खर्च होईल, अशी तरतूद तिथे सुरुवातीलाच केली गेली. दुसरे असे की नियम लॉजमालकांच्या समित्यांमार्फत राबवले गेले. वरच्या भागात लाकूड जाळण्यावर बंदी आली आणि छोमरोंगजवळ रॉकेलचा डेपो उघडला गेला. जेवणाचे दरही समितीने ठरवले, कारण दरांची चढाओढ लागली की पहिली काटछाट सरपणात आणि मजुरीत होते. नियमापाठोपाठ रॉकेल गावात पोचले, म्हणून तो नियम पाळला गेला. तुझ्या मसुद्यात ‘जळाऊ लाकडाचा वापर कमी करावा’ असे वाक्य आहे. त्याच्या पुढे सिलिंडर कुठून आणि कोणाच्या खर्चाने येणार, हे लिही.

याचा अर्थ अन्नपूर्णेत सगळे आलबेल आहे असा नाही. जोमसोम आणि मनांगच्या बाजूने मोटाररस्ता वर चढला, तेव्हा पायवाटेवरच्या कित्येक लॉजांचे गिऱ्हाईक जीपमधून पुढे निघून गेले. पर्यटनाचा आराखडा एका खात्याचा आणि रस्त्याचा दुसऱ्याच खात्याचा असला की असे होते. तुझ्या अकरा गावांसाठी बांधकाम विभागाचा पुढच्या पाच वर्षांचा रस्ते कार्यक्रम मागवला आहेस का? मसुद्यात तरी मला तो दिसला नाही.

नेपाळातल्याच चितवन राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण तुझ्या कामाला आणखी जवळचे आहे, कारण तिथेही वन्यप्राणी, शेती आणि गेट हे तिन्ही आहेत. नेपाळच्या १९७३च्या राष्ट्रीय उद्यान कायद्यात १९९३मध्ये दुरुस्ती होऊन राष्ट्रीय उद्यानांभोवती मध्यवर्ती क्षेत्र, म्हणजे आपल्या भाषेत बफर, ठरवण्याची सोय झाली आणि उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा तिथल्या लोकांच्या विकासासाठी राखला गेला. हा वाटा कायद्यात असल्यामुळे अधिकारी बदलला तरी तो बुडत नाही, ही त्याची खरी ताकद आहे. २०२१च्या गणनेत चितवनमध्ये ६९४ गेंडे मोजले गेले. या यशाचे श्रेय गस्तीचे तर आहेच, पण कुंपणापलीकडच्या गावांना त्या गेंड्यांत काही हित दिसू लागले, त्याचेही आहे. तरी तिथली दुखरी बाजू तू लिहायलाच हवी. हॉटेले आणि जीप प्रवेशाजवळच्या सौराहा गावाच्या आसपास एकवटली आहेत, तर गेंडे आणि रानडुकरे ज्यांचे भात तुडवतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या दारात एकही पर्यटक येत नाही. लाभ फाटकाजवळ आणि नुकसान सीमेभर, ही विषमता ताडोबात मोहर्लीच्या फाटकाशी उभे राहून पाहिलीस तरी दिसेल आणि बांधवगडातही दिसेल. म्हणून वाटपाचे सूत्र फाटकापासूनच्या अंतरावर न ठेवता पीकनुकसान आणि पशुधनहानी यांच्या नोंदींवर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे २००६च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद आली, त्यामुळे व्याघ्र प्रकल्पांच्या पर्यटनाचा पैसा प्रकल्पाकडे राहण्याचा मार्ग खुला झाला. प्रकल्पाकडे पैसा राहणे आणि गावाकडे पोचणे यांत मात्र बरेच अंतर आहे. ग्राम परिस्थितिकीय विकास समितीच्या बँक पासबुकाच्या नोंदी मिळत असतील तर त्या परिशिष्टात लाव. तुझ्या कोणत्याही आलेखापेक्षा ते परिशिष्ट जास्त बोलेल.

भूतानचे कौतुक तू भरभरून केले आहेस, ते थोडे आवरायला हवे. १९७४मध्ये पर्यटनाला दार उघडतानाच त्या देशाने मोजके पाहुणे घेण्याचे ठरवले, हे खरे. पुढे प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून हंगामानुसार दिवसाला किमान २०० ते २५० डॉलर घेतले जात आणि त्यांतले ६५ डॉलर शासनाकडे जात, हेही खरे. पण भारत, बांगलादेश आणि मालदीवचे पर्यटक अनेक वर्षे या चौकटीबाहेर होते. २०१९मध्ये आलेल्या सुमारे ३ लाख १५ हजार पाहुण्यांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक प्रादेशिक, म्हणजे बहुतेक आपलेच लोक होते. या ‘मोजक्या’ संख्येमागे किती गर्दी दडली होती, ते पारोच्या रस्त्यावर दिसत असे. २०२० पासून प्रादेशिक पर्यटकांना रोजचे १,२०० न्गुल्ट्रम (भूतानचे चलन) शुल्क लागू झाले. सप्टेंबर २०२२मध्ये इतरांचे शासनाकडे जाणारे शुल्क ६५ वरून २०० डॉलरवर नेले आणि पाहुणे रोडावल्यावर वर्षभरातच ते १०० वर आणावे लागले. शुल्काने दारावरची संख्या घटवता येते. मात्र आत आलेला माणूस पश्चिमेकडच्या पारो-थिंफूतच राहील की पूर्वेच्या त्राशीगांगपर्यंत जाईल, हे शुल्काने ठरत नाही. शिवाय ज्या देशाला सीमेवर हे दार लावता येते, त्याचे धोरण ज्या जिल्ह्याला रस्त्यावर साधे नाकेही बसवता येत नाही त्याला जसेच्या तसे लागू पडणार नाही.

मालदीववर फार वेळ घालवू नकोस. एका बेटावर एकच रिसॉर्ट ही तिथली जुनी चौकट गावकऱ्यांना पर्यटनापासून दूर ठेवणारी होती आणि वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना वाव मिळाला तेव्हा पैसा गल्लीत पोचू लागला. एवढे दोन वाक्यांत लिहिले तरी पुरे.

आता वहनक्षमतेचे, म्हणजे जागेला किती पर्यटक झेपतात याचे, प्रकरण. २०१२च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. या तत्त्वांनुसार गाभ्याच्या २० टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन चालवता येत नाही आणि किती वाहने सोडायची, याची रीतही त्यांत दिलेली आहे. दोन वाहनांत निदान अर्ध्या किलोमीटरचे अंतर धरले, तर ४० किलोमीटर रस्त्यावर एका वेळी ८० वाहने आणि दिवसाच्या दोन फेऱ्यांत १६० वाहने बसतात. त्यानंतर रस्त्याची धूप, प्राण्यांना होणारा उपद्रव, बंद महिने अशा वजावटी लावल्या की समजा ९० उरतात, आणि शेवटी व्यवस्थापनाची क्षमता, म्हणजे लागणाऱ्या माणसांपैकी आणि साधनांपैकी प्रत्यक्ष उपलब्ध किती, याने गुणले की ४० टक्के क्षमतेवर ३६ वाहने येतात. तू हा हिशेब अचूक केला आहेस. फक्त त्या शेवटच्या गुणकाकडे पुन्हा बघ. उद्या वीस वनरक्षक वाढवले की गणिताने वाहनेही वाढतात. जंगल तेवढेच, वाघीण तीच आणि पाणवठाही तोच असतो. कर्मचारी वाढले तरी वाहनांची कमाल संख्या अमुक वर्षे बदलणार नाही, असे वाक्य आराखड्यात घाल. त्यावर आक्षेप येतील, पण ती चर्चा मसुद्याच्या टप्प्यावर झालेली बरी.

माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी किनाऱ्यालगतच्या एका गावासाठी आम्ही होमस्टेचा आराखडा केला होता. किनाऱ्याची लांबी, माणशी जागा, भरतीचे तास असे सारे मोजून आम्ही रोजची संख्या काढली आणि ती संबंधित कार्यालयाने मान्यही केली. त्या हिशेबात गावची विहीर नव्हती. मे महिन्यात पाहुण्यांच्या अंघोळीला टँकर येऊ लागले आणि ज्या घरांत होमस्टे नव्हते, त्या घरांतल्या बायका हंडे घेऊन लांब जाऊ लागल्या. त्या गावाची क्षमता किनाऱ्याने नव्हे तर विहिरीने ठरत होती, आणि हे गावातल्या कुठल्याही बाईने मला पहिल्याच दिवशी सांगितले असते, जर मी विचारले असते. बैठकीला पुरुषच होते. तुझ्या परिशिष्टातल्या बैठकांच्या उपस्थितीपत्रकांवरही मला अकरा गावांत मिळून सातच बायकांची नावे दिसली.

कायद्याच्या प्रकरणात एक भर घाल. वन संवर्धन कायद्यात २०२३मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, वनविभागाच्या कार्य आयोजनेत किंवा व्याघ्र संवर्धन आराखड्यात समाविष्ट असलेल्या परिस्थितिकी पर्यटनाच्या (इको-टुरिझमच्या) सुविधा वनेतर वापरात धरल्या जात नाहीत. त्यामुळे तुझ्या आराखड्यातल्या व्याख्येला आता कायदेशीर वजन आले आहे. वातानुकूलित खोल्यांच्या इमारतीपुढे बांबूची कमान उभारून तिला याच नावाखाली बसवता येऊ नये, इतकी नेमकी व्याख्या तुला करावी लागेल. बांधकामाची उंची, क्षेत्रफळ, दिवे, पाणी, सांडपाणी आणि मालकी, प्रत्येकाला आकडा हवा.

नकाराचा अधिकार कोणाचा, या प्रश्नासाठी मी तुला २००६च्या वनहक्क कायद्याकडे पाठवतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवण्याच्या कितीतरी आधीपासून ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाळली. पर्यटन हवे की नको, हवे तर कुठवर, हे अशी ग्रामसभा ठरवू शकते, आणि ‘नको’ हे उत्तरही आराखड्यात वैध मानले पाहिजे. तुझ्या अकरापैकी दोन गावांनी नाही म्हटले, असे तू तळटीपेत लिहिले आहेस. ते तळटीपेतून उचलून मुख्य मजकुरात आण.

वेळासला तू गेली नसशील तर जाऊन ये. मंडणगड तालुक्यातल्या त्या गावी सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि काही वर्षांनी पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला लोक येऊ लागले. पाहुणे घराघरांत राहतात, ओटीवर झोपतात आणि त्या घरचेच जेवतात. घरट्यातून पिल्ले बाहेर येतील की नाही, याची हमी कोणी देत नाही, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते. ‘वाघ हमखास दिसेल’ असे आश्वासन ज्या क्षणी विकले जाते, त्या क्षणी जिप्सीचालक वायरलेस नसला तरी फोनवर वाघाचा ठावठिकाणा पसरवू लागतो आणि तुझे अर्ध्या किलोमीटरचे अंतर कागदावर राहते.

पुढचा मसुदा घाईने पाठवू नकोस. ३० जूनला गाभा क्षेत्राची फाटके बंद होतील आणि जुलैत गाईड व चालक यांना बोलायला सवड मिळेल. रोवणीची घाई नसलेल्या दुपारी त्यांना भेट. हंगामात एका फेरीमागे हाती किती पडते आणि फाटके बंद असताना घर कशावर चालते, हे विचार. नकार दिलेल्या दोन गावांतही जा, पण मन वळवायला नव्हे; नाही का म्हटले, ते शब्दशः लिहून आण.

तुझा,
सर